धंद्याचा नंबर कुणाच्या नावावर?

पुण्याच्या जुन्या पेठांमध्ये अजून काही पाट्या अशा दिसतात, की त्यांवरच्या फोन नंबरातला पहिला २ बाकीच्या आकड्यांपेक्षा बारीक असतो आणि डाव्या कडेला अंग चोरून उभा असतो. २००२ च्या सुमारास लँडलाइनच्या नंबरांपुढे २ लागला, तेव्हा नवी पाटी करायचा खर्च टाळून पेंटरकडून उरलेल्या जागेत तो कोंबून घेतलेला असतो. जरा आणखी निरखलं तर शहराचा कोडही बदललेला दिसतो: ०२१२ वर रंग मारून ०२०. त्याखाली वेगळ्या हाताने काढलेला, ९८२२ ने सुरू होणारा मोबाईल. आणि सगळ्यात खाली, छापील स्टिकरवर, व्हॉट्सॲपचा तिसराच नंबर. दुकानात तेच मालक, तोच गल्ला, तोच माल. पत्ता एकदाही बदललेला नाही, नंबर मात्र चार वेळा.

नवा धंदा काढणारा माणूस नावावर महिनाभर डोकं चालवतो, पाटीच्या रंगावर आठवडा घालवतो आणि नंबर दहा मिनिटांत उरकतो. ती दहा मिनिटंही जातात ती आकडे सोपे आहेत का, शेवटी शून्यं किती, बेरीज शुभ येते का, यात. नंबर गिऱ्हाइकाच्या तोंडात बसला पाहिजे हा आग्रह एके काळी अगदी रास्त होता. आज तो जवळजवळ निकामी झाला आहे, असं माझं मत. गिऱ्हाईक नंबर पाठ करत नाही; एकदा दाबतं आणि साठवतं. त्यामुळे आता वजन आहे ते वेगळ्याच प्रश्नांना: नंबर कोणत्या जातीचा आहे, कुणाच्या नावावर आहे, आणि दहा वर्षांनी तो वाजला तर कुणाकडे वाजेल.

फोनचा नंबर जन्मालाच मुळी माणसांवरचा भरवसा कमी करण्यासाठी आला. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेल गावात १८७९ मध्ये गोवराची साथ होती. तिथले डॉक्टर मोझेस ग्रीली पार्कर यांना काळजी पडली, की गावच्या एक्स्चेंजमधले सगळे ऑपरेटर एकदम आजारी पडले तर बदली माणसांना कुणाची तार कुठे हे कळायचं कसं? तोवर नाव सांगून जोडणी मागत. पार्करांनी सुचवलं, प्रत्येकाला नंबर द्या. पुढची गोष्ट कॅन्सस सिटीतल्या अल्मन स्ट्रोजरची. हा अंत्यविधीची व्यवस्था करणारा व्यावसायिक. त्याच्याकडे येणारी कामं त्याच्या स्पर्धकाकडे वळायला लागली, कारण एक्स्चेंजमध्ये बसणारी ऑपरेटर त्या स्पर्धकाची बायको होती, असं सांगतात. कथेला मीठमसाला लागलेला असेलही. पण १८९१ मध्ये स्ट्रोजरने आपोआप चालणाऱ्या एक्स्चेंजचं पेटंट घेतलं, हे खरं. मधल्या माणसाला वगळून गिऱ्हाईक थेट आपल्यापर्यंत यावं, एवढीच त्याची मागणी होती. ही मागणी जुनी झालेली नाही, हे पुढे दिसेलच.

आपल्याकडे मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथली एक्स्चेंज १८८२ मध्ये सुरू झाली. स्वयंचलित एक्स्चेंज आलं ते १९१३-१४ मध्ये, सिमल्याला. नंबर निवडण्याचा प्रश्न मात्र पुढची कित्येक दशकं उद्भवलाच नाही. अर्ज करून वर्षानुवर्षं वाट पाहिल्यावर जो नंबर पदरात पडे तो प्रसाद म्हणून घ्यायचा, अशी रीत. ज्यांच्याकडे तोही नव्हता त्यांच्या व्हिजिटिंग कार्डावर नंबराशेजारी ‘पी. पी.’ लिहिलेलं असे. म्हणजे फोन शेजारच्या किराणा दुकानात, नाहीतर वरच्या मजल्यावरच्या कुणा काकांकडे. तिथून हाक यायची, मग हातातलं काम टाकून धावायचं. आजच्या पिढीला हे गमतीचं वाटतं. पण दुसऱ्याच्या नावावरचा नंबर आपल्या पाटीवर लावून धंदा करायची खोड तेव्हापासूनची आहे, आणि ती गेलेली नाही. फक्त पी. पी. लिहायचं आपण बंद केलं.

लक्षात राहणाऱ्या नंबराचा सुवर्णकाळ पाहायचा तर जस्ट डायल पाहावं. व्ही. एस. एस. मणी यांनी १९९६ मध्ये मुंबईत ही सेवा सुरू केली ती अगदी साध्या कल्पनेवर: लोकांनी एकच नंबर ध्यानात ठेवावा आणि बाकी शहरातले सगळे नंबर त्या नंबरावर विचारावेत. अशा धंद्याचा स्वतःचाच नंबर कुणाला आठवला नाही तर दुकान उघडण्यात अर्थ नव्हता. म्हणून त्यांनी मिळवला ८८८ ८८८८. सात वेळा आठ. याहून सोपं काय असणार? आणि मग सरकारी नियोजनाने लँडलाइनपुढे तो २ लावला. सातही आठांची रांग बिघडून नंबर झाला २८८८ ८८८८. पैसे देऊन, खटपट करून, हुशारीने निवडलेला नंबरही आपल्या हातात किती असतो, हे यावरून समजावं. कंपनीने पुढे ८८८८८ ८८८८८ हा मोबाईल नंबर घेतला आणि रांग पुन्हा सरळ केली. २०२१ मध्ये रिलायन्स रिटेलने तिच्यातला मोठा हिस्सा घेतला, तोवर लोक दुकानं शोधायला फोन कमी आणि पडदा जास्त वापरू लागले होते.

मुंबईच्या रस्त्यांवर २००७ मध्ये मेरू कॅब आल्या तेव्हा ४४२२ ४४२२ हा नंबर गाडीच्या अंगावर मोठ्या अक्षरात मिरवत असे, आणि सिग्नलला थांबलेल्या माणसाला तो पाठ होत असे. मागून ओला, उबर आल्या. त्यांचा बुकिंगचा नंबर काय, हा प्रश्नच कुणाच्या मनात येत नाही. चीनमध्ये तर आठ हा आकडा भरभराटीचा मानतात. तिथल्या सिच्वान एअरलाइन्सने २००३ मध्ये आठ आठांचा नंबर लिलावात तेवीस लाख युआनच्या वर बोली लावून घेतला होता. त्या वेळी फोनवरून तिकीट काढणारे प्रवासी होते, तेव्हा हिशेब अगदीच वेडगळ नव्हता. आपल्याकडेही बीएसएनएल आकर्षक नंबरांचे लिलाव करते, खाजगी कंपन्या ‘व्हीआयपी’ नंबर जादा पैसे घेऊन देतात. घेणाऱ्यांत बिल्डर, पुढारी आणि मोटारींचे दलाल असावेत असा माझा कयास. त्यांना तो नंबर आठवायला नको असतो, दाखवायला हवा असतो.

मराठीत मात्र नंबर ‘सोपा’ असणं म्हणजे काय, हा स्वतंत्र विषय आहे आणि त्याकडे कुणी फारसं पाहत नाही. आपल्या भाषेत आधी एकक आणि मग दशक. त्रेपन्न ऐकल्यावर कानावर तीन आधी पडतो, लिहायचा मात्र पाच आधी. एकोणसत्तर ऐकताना सत्तर कानात राहतं आणि हात ७ लिहून मोकळा होतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात सत्तावीसऐवजी ‘वीस सात’ असं वाचनही दिलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांना त्या वेळी टीकेसोबत टिंगलही सोसावी लागली. संस्कृतीचा प्रश्न बाजूला ठेवू. फोनवर नंबर सांगणाऱ्या कुठल्याही कारकुनाने त्यांची बाजू घेतली असती. म्हणूनच आपण घरात त्र्याऐंशी म्हणणारे लोक फोनवर ‘एट थ्री’ म्हणतो, दोन सारखे आकडे आले की ‘डबल’ आणि तीन आले की ‘ट्रिपल’. तोंडी सांगायच्या नंबरात ही डबल-ट्रिपलची वीण महत्त्वाची, पण तिचीही मर्यादा असते. ‘डबल टू, ट्रिपल टू’ असं सांगितलं की ऐकणारा चार लिहितो की पाच, याची पैज लावता येईल. सलग पाच शून्यं असलेला नंबर कागदावर राजबिंडा दिसतो, तोंडी सांगताना मात्र ‘आणखी एक, नाही नाही, तेवढीच’ असा घोळ घालतो. माझ्या अनुभवात जोडी, एकटा, जोडी अशी लय असलेला साधा नंबर जास्त चांगला चालतो. त्याला कुणी जादा पैसेही मागत नाही.

ऐकण्याचं झालं, आता वाचण्याचं. देवनागरी पाटीवर नंबर कोणत्या आकड्यांत लिहायचा? मराठीवर प्रेम असेल तर देवनागरीत, आणि माझं आहे. पण देवनागरी १ हा परप्रांतीयाला इंग्रजी नऊ वाटतो, ५ हा चार वाटतो आणि ४ हा आठ. महामार्गावरच्या ढाब्याने, गॅरेजने किंवा टायरच्या दुकानाने एवढं ध्यानात घ्यावं. गाडी बंद पडलेला तमिळ ड्रायव्हर भलत्याच माणसाला उठवेल. दोन्ही लिपींत लिहायचं तर दोन ओळी लिहाव्यात. एकाच नंबरात अर्धे आकडे इकडचे आणि अर्धे तिकडचे, असंही मी शटरवर पाहिलं आहे. गट कसे पाडायचे हेही एकदाच ठरवावं. आपल्याकडे पाच-पाचचा प्रघात पडला आहे. पाटीवर पाच-पाच, कार्डावर चार-तीन-तीन आणि टेंपोवर दहाही आकडे सलग, असं केलं की पाहणाऱ्याला तीन वेगळे नंबर वाटतात.

अमेरिकेत फोनच्या बटणांवर अक्षरं असल्याने तिथे शब्दांचे नंबर निघाले. १-८००-फ्लॉवर्स हे फुलांच्या कंपनीचं नावच मुळी तिचा नंबर आहे. आपल्याकडे हे कलम लागलं नाही. आकड्यांतून अक्षरं वाचायची हौस आपल्याला आहे, पण ती गाडीच्या पाटीवर. इंग्रजी आकड्यांतला ४१४१ वळणदार काढला की ‘दादा’ वाचता येतो, २१४ चा ‘राम’ होतो. हा सगळा खेळ डोळ्यांचा. फोनवर ‘दादा लावा’ म्हटलं तर समोरचा कुणाला तरी हाक मारील. अंकशास्त्राबद्दल एवढंच म्हणतो: बेरीज किती यावी याबद्दल मालकाची श्रद्धा असेल तर त्या बेरजेचे हजारो नंबर मिळतात, त्यांतला कोणताही घ्यावा, फक्त त्यासाठी दलालाला पैसे देऊ नयेत.

नंबरांच्या जाती पडल्या त्या पैशांवरून, हे आज विसरायला झालं आहे. ३१ जुलै १९९५ ला पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला दूरसंचार मंत्री सुखराम यांना भारतातला पहिला मोबाईल कॉल केला. त्या काळी कॉल घेणाऱ्यालाही मिनिटाला पैसे पडत. मोबाईल नंबर कार्डावर छापणारा व्यापारी म्हणजे गिऱ्हाइकाच्या बोलण्याचा खर्च सोसायला तयार असलेला माणूस. २००३ पासून येणारे कॉल फुकट झाले आणि रिक्षावाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांचा नंबर पाटीवर आला. तरी करणाऱ्याला पैसे पडतच होते, आणि त्यातूनच ‘मिस्ड कॉल’ नावाची आपली खास सोय जन्मली. दोनदा वाजवून ठेवलं की दूधवाल्याला कळायचं, आज एक पिशवी जास्त. पुढे कंपन्यांनी त्याचं शास्त्र केलं. बंगळुरूची झिपडायल केवळ मिस्ड कॉलवर जाहिरातीचा धंदा करत होती. ती २०१५ मध्ये ट्विटरने विकत घेतली. हिंदुस्थान युनिलिव्हरने बिहार-झारखंडात मिस्ड कॉल देणाऱ्याला उलट फोन करून गाणी ऐकवणारं ‘कान खजूरा टेसन’ चालवलं.

१८०० चा टोल-फ्री नंबर याच अर्थशास्त्राचं अपत्य. कॉलचे पैसे गिऱ्हाइकाऐवजी कंपनीने भरायचे. त्याचा धाकटा भाऊ १८६०. त्यात खर्च वाटून घेतात, गिऱ्हाइकाला स्थानिक कॉलचे पैसे पडतात. पुढे सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, आणि त्यानंतर महिन्याच्या रिचार्जमध्येच बोलणं अमर्याद होत गेलं. ज्याचं सगळं बोलणं आधीच फुकट आहे त्याला तुम्ही फुकट काय देणार? टोल-फ्रीचा मूळ मुद्दाच सरला, उरली ती प्रतिष्ठा आणि मागची यंत्रणा. म्हणजे एकाच नंबरावर पन्नास कॉल एकदम घेता येतात, ते वेगवेगळ्या शाखांना वाटता येतात. पन्नास माणसं फोन उचलायला बसवणाऱ्या कंपनीला याचं मोल आहे. सांगलीच्या हळद व्यापाऱ्याने केवळ ‘कंपनी मोठी वाटावी’ म्हणून १८०० घेतला, तर त्याला येणाऱ्या प्रत्येक कॉलचे पैसे भरावे लागतील, त्यांत चुकून लागलेले आणि पोरांनी गंमत म्हणून लावलेलेही आले. शिवाय १८०० बहुधा परदेशातून लागत नाही. दिवाळीचा फराळ अमेरिकेला नाहीतर दुबईला पाठवणाऱ्या आपल्या घरगुती उद्योजिकांनी, रत्नागिरीहून पेट्या बाहेर धाडणाऱ्या हापूसवाल्यांनी +९१ लावून, आधीचं शून्य काढून, साधा दहा आकडी नंबर छापावा. न्यू जर्सीतली मावशी तोच लावू शकते.

मग लँडलाइन की मोबाईल? दवाखाना, शाळा, वकिलाचं कार्यालय, मंगल कार्यालय यांना लँडलाइन अजून शोभते आणि उपयोगी पडते. शहराचा कोड स्वतःच सांगतो की हा माणूस जागेवर आहे: ०२३१ म्हणजे कोल्हापूर, ०८३२ म्हणजे गोवा. पणजीच्या हॉटेलात खोली घेणाऱ्याला हा कोड दिलासा देतो. फोन टेबलावर असतो, कुणी खिशात घालून गावाला जात नाही. फायबरच्या इंटरनेटबरोबर हा नंबर येतोही. आणि फार थोड्या दुकानदारांना ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे २०१८ मध्ये आलेलं व्हॉट्सॲप बिझनेस लँडलाइनच्या नंबरावरही चालतं. खात्रीचा आकडा संदेशाऐवजी फोन करून सांगितला जातो. चाळीस वर्षं बिलबुकावर छापलेला नंबरच व्हॉट्सॲपचा नंबर करता येत असताना, भाच्याच्या सिमवर ते उघडण्याची घाई का? लँडलाइनची उणीव एकच, पण मोठी. कंपनी बदलून तोच नंबर ठेवण्याची सोय आपल्याकडे मोबाईलपुरती आहे. दुकान दुसऱ्या गावी हललं किंवा कंपनी सोडली की लँडलाइनचा नंबर मागे राहतो.

मोबाईलची ही सोय नोव्हेंबर २०१० मध्ये हरियाणात आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर आली. ३ जुलै २०१५ पासून एका टेलिकॉम सर्कलमधून दुसऱ्यात जातानाही नंबर टिकू लागला. महाराष्ट्राला हे विशेष जाणवलं, कारण आपल्याकडे मुंबईचं सर्कल वेगळं आणि महाराष्ट्र-गोव्याचं वेगळं. ठाण्याचा माणूस नाशकाला कारखाना काढायला गेला की त्याला परक्यासारखं वाटे. पोर्ट करण्याचा खर्च आता ६ रुपये ४६ पैसे. एवढ्या सोयीनंतर ९८२२ म्हणजे अमुक कंपनी, हे समीकरण मोडलं. तरी जुन्या मालिकेचा मान उरलाच. एखाद्याचा नंबर ९८२२० ने सुरू होत असेल तर समोरचा मनात म्हणतो, गडी मोबाईल महाग होते तेव्हापासूनचा आहे.

आता मूळ मुद्द्याकडे. माझ्या ओळखीतल्या दोघांनी भागीदारीत केटरिंगचा व्यवसाय केला. अकरा वर्षं उत्तम चालला. नंबर पहिल्या दिवशी घाईत एकाच्या आधारवर घेतलेला. फाटलं तेव्हा भांडी वाटली, टेंपो वाटला, उधारी वाटली. नंबर वाटता येईना. ज्याच्या नावावर सिम त्याच्याकडे तो गेला, आणि त्याच्यासोबत लग्नसराईची सगळी चौकशी. दुसऱ्याने वकील गाठला. वकिलाने विचारलं, करारात नंबराचा उल्लेख आहे का? नव्हता. पातेल्यांचा होता, मापासकट.

हे घरगुती भांडण म्हणून सोडून द्यावं असं नाही. नोकराच्या नावावरचं सिम, दुकान सांभाळणाऱ्या मेव्हण्याच्या नावावरचं सिम, वेबसाइट करून देणाऱ्याने ‘आमच्याकडून मिळतो’ म्हणून दिलेला व्हर्च्युअल नंबर, हे सगळे नव्या काळातले पी. पी. आहेत. व्हर्च्युअल नंबराची सोय चांगली आहे. कॉल नोंदवले जातात, तीन माणसांच्या फोनवर पाळीने वाजतात. पण नंबर त्या सेवा कंपनीच्या नावावर असेल तर मासिक पैसे थांबले की तो दुसऱ्याला जाऊ शकतो. घेतानाच लिहून घ्यावं, की सोडून जाताना नंबर आमच्यासोबत येईल. उलट बाजूने, कंपनीच्या नावावरचं कॉर्पोरेट कनेक्शन घेतलं तर कंपनीच्या अधिकारपत्राशिवाय ते पोर्ट होत नाही, आणि तेच धंद्याच्या हिताचं. विक्री प्रतिनिधी नोकरी सोडताना गिऱ्हाइकांनी साठवलेला नंबर खिशातून घेऊन जात नाही. आपल्या नावावर आज किती सिम चालू आहेत हे संचार साथी पोर्टलवर पाहता येतं. दुकानदाराने एकदा पाहावं. कधी स्वतःचंच सिम तिथे दिसत नाही, कधी न घेतलेलं दिसतं.

कायद्याच्या दृष्टीने नंबर कुणाच्याच मालकीचा नसतो, तो वापरायला दिलेला असतो. वापरला नाही तर जातो. प्रीपेड नंबरावर सलग ९० दिवस काहीच हालचाल नसेल तर तो बंद होऊ शकतो. खात्यात २० रुपये असतील तर ते कापून आणखी ३० दिवस मिळतात. फक्त कॉल ‘घेण्यासाठी’ ठेवलेला, हंगामी धंद्याचा नंबर याच खड्ड्यात पडतो. आंब्याचा हंगाम जूनमध्ये संपला, सिम ड्रॉवरमध्ये गेलं, मार्चमध्ये काढलं तर मुकं. बंद झालेला नंबर किमान ९० दिवसांनी नव्या माणसाला मिळतो. या फेरवाटपावरची याचिका २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती. म्हणजे तुमचं गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाईलच, आणि तुम्ही नवा नंबर घ्याल तोही कुणाचा तरी उष्टा असण्याची शक्यता आहेच. पाटी रंगवण्याआधी असा नंबर महिनाभर नुसता चालू ठेवून पाहावा. कर्जवसुलीचे फोन येतात का, व्हॉट्सॲपवर आधीच्या माणसाचा फोटो दिसतो का, ट्रूकॉलरवर कुणी त्याला काय नाव दिलं आहे, हे तेवढ्यात कळतं. फेरवाटप झालेल्या नंबरांवर चुकून पैसे जाऊ नयेत म्हणून बँकांनी आणि यूपीआय ॲपनी आपल्या याद्या दर आठवड्याला ताज्या कराव्यात, अशी व्यवस्था एप्रिल २०२५ पासून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने केली, यावरून या उष्ट्या नंबरांचा व्याप लक्षात यावा. बँकेचा ओटीपी ज्या सिमवर येतो ते सिम मात्र पाटीवर नसावं. ज्या फोनवर दिवसभर अनोळखी माणसं लिंका पाठवतात, त्याच फोनवर तिजोरीची किल्ली ठेवू नये.

सरकारने अलीकडे नंबरांनाच गणवेश घालायला सुरुवात केली आहे. जाहिरातीच्या कॉलसाठी १४० ची मालिका. बँका आणि तत्सम संस्थांच्या सेवा-व्यवहाराच्या कॉलसाठी १६००, तसं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँकांना कळवलं. छोट्या व्यावसायिकाला याचा संबंध नाही असं वाटतं, पण आहे. क्लासच्या प्रवेशासाठी किंवा प्लॉट विकायला पोरांना याद्या देऊन साध्या दहा आकडी नंबरावरून फोन करायला लावलं आणि तक्रारी गेल्या, तर दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांनुसार नोंदणी नसलेल्याची सगळी कनेक्शनं तुटू शकतात आणि तो काळ्या यादीत जाऊ शकतो. म्हणजे पाटीवरचा नंबरही गेला. येणाऱ्या कॉलचा नंबर आणि बाहेर विक्रीचे फोन करायचा नंबर एक ठेवू नये, हे शहाणपण यातून निघतं.

कॉल करणाऱ्याचं नाव पडद्यावर दिसावं अशी शिफारस ट्रायने फेब्रुवारी २०२४ मध्ये केली: सिम घेताना अर्जावर जे नाव, ते. ही सोय सगळीकडे चालू झाली की सिम कुणाच्या नावावर हा प्रश्न घरातला राहणार नाही, गावभर दिसेल. ‘श्री समर्थ ज्वेलर्स’ अशी पाटी लावलेल्या दुकानातून फोन आल्यावर पडद्यावर तिसऱ्याच माणसाचं नाव पाहून गिऱ्हाईक काय समजेल? कंपनीच्या नावावर मोठ्या संख्येने कनेक्शन घेणाऱ्यांना जीएसटीत नोंदलेलं व्यापारी नाव दाखवता यावं, असंही त्या शिफारशीत आहे.

स्ट्रोजरची ऑपरेटरबाई मात्र परत आली आहे, नव्या वेशात. गिऱ्हाईक ‘अमुक बँक कस्टमर केअर’ असं शोधतं आणि पुढे आलेल्या पहिल्या नंबरावर स्वतःच्या खात्याचे तपशील सांगून मोकळं होतं. २०१८ मध्ये गूगल मॅप्सवरचे बँक शाखांचे नंबर भामट्यांनी बदलल्याच्या तक्रारी महाराष्ट्राच्या सायबर पोलिसांकडे आल्या होत्या. तेव्हा नकाशावरची आपल्या दुकानाची नोंद आपल्या ताब्यात घेणं आणि महिन्यातून एकदा तिथला नंबर स्वतः दाबून पाहणं, हे शटर लावल्यावर कुलूप ओढून पाहण्याइतकंच साधं काम आहे.

फोन उचलण्याबद्दल फार लिहीत नाही. ‘मराठीसाठी दोन दाबा’ हा पर्याय मिळावा म्हणून महाराष्ट्रात आंदोलनं झाली. तो पर्याय दाबल्यावर पलीकडे मराठी बोलणारं माणूस असेल याची सोय मात्र अजून सगळीकडे झालेली नाही. तीन माणसांच्या दुकानाने तर असल्या यंत्राच्या वाटेला जाऊच नये.

नंबर बदलावाच लागला तर जुना निदान वर्षभर जिवंत ठेवावा, त्यावरचे कॉल नव्याकडे वळवावेत. लग्नपत्रिका छापणारा, मंडपवाला, भांडी भाड्याने देणारा यांच्याकडे गिऱ्हाईक पाच-सात वर्षांनी परत येतं, धाकट्याच्या लग्नाला. त्यांनी तर जुना सोडूच नये. आमच्या गल्लीतल्या छापखान्याने तो सोडला नाही. लँडलाइन महिन्याला तीन-चार वेळा वाजते, त्यातली एक चुकीची असते, तरी भाडं भरतात. गेल्या पावसाळ्यात त्यांची पाटी गंजून पडली आणि नवी रंगवायला घेतली. मालकांनी पेंटरला सांगितलं, की फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रायने पुन्हा शिफारस केली आहे. लँडलाइनवरून लँडलाइनला लावतानाही पुढे शून्य आणि कोड लावायचा, म्हणे. पेंटरने ब्रश तोंडात धरून पाटीवर खडूची रेघ मारली, डावीकडे चार बोटं जागा सोडली, आणि मग पहिला आकडा काढायला घेतला.